जागेपणी घेतलेले इंजेक्शन

कमरेतून निघून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत उतरणारी कळ ज्याने महिनोनमहिने सोसली आहे, त्याला तिच्यावर उपाय आहे एवढे ऐकूनच अर्धे बरे वाटते. परंतु औषध पाठीच्या कण्याजवळ सुईने सोडावयाचे आहे, त्या वेळी गुंगी दिली जाणार नाही आणि रुग्ण पूर्ण जागा राहील, असे डॉक्टर सांगतात तेव्हा तोच मनुष्य क्षणभर गप्प होतो. ज्या वेदनेने रात्रीची झोप नेली तिच्यापेक्षा त्या सुईची कल्पनाच त्याला अधिक भयंकर वाटू लागते. कोणी ठरलेला दिवस पुढे ढकलतो, तर कोणी रुग्णालयाच्या पायरीवरून परत फिरतो. या भीतीला हसण्याचे कारण नाही. पाठ ही माणसाला स्वतःला न दिसणारी बाजू आहे, आणि जे दिसत नाही त्याचे भय अधिक वाटते. मात्र या भीतीचा मोठा भाग अज्ञानातून आलेला असतो. काय होणार, कोणत्या क्रमाने होणार आणि प्रत्येक टप्प्यावर काय जाणवणार, हे आधी ठाऊक असले तर पुष्कळांना गुंगीची गरजच भासत नाही.

हा विकार नवा नाही. आयुर्वेदाने त्याला गृध्रसी असे नाव दिले असून नितंबापासून मांडी, गुडघा, पोटरी आणि पाऊल अशा क्रमाने खाली जाणाऱ्या त्याच्या वेदनेचे वर्णन चरकसंहितेत आढळते. या वेदनेचे एक प्रमुख कारण मात्र १९३४ मध्ये स्पष्टपणे पुढे आले. अमेरिकेतील बोस्टन येथील मिक्स्टर आणि बार या दोन शल्यचिकित्सकांनी त्या वर्षी असे दाखवून दिले, की दोन मणक्यांमध्ये जी मऊ गादी असते तिचा काही भाग फाटून बाहेर सरकतो आणि तेथून निघणाऱ्या मज्जातंतूच्या मुळावर येतो. पुढे असेही समजले, की केवळ दाबाने ही वेदना होत नाही. सरकलेल्या गादीतील द्रव्यांमुळे त्या मुळाला सूज येते, ते चिडते, आणि चिडलेला तंतू पायात कळ पाठवीत राहतो. दुखते पायात, पण दुखण्याचे मूळ असते कमरेत. बहुसंख्य रुग्णांची ही कळ साधी औषधे, हालचाल आणि काही आठवड्यांचा धीर एवढ्यानेच शमते. जेथे ती शमत नाही, किंवा इतकी तीव्र असते की चालणे आणि झोपणे अशक्य होते, तेथे इंजेक्शनचा विचार केला जातो.

या इंजेक्शनमध्ये बहुधा दोन औषधे असतात आणि दोन्हींचे काम निरनिराळे आहे. पहिले बधिर करणारे औषध होय. व्हिएन्ना येथील कार्ल कोलर या तरुण डॉक्टराने १८८४ मध्ये कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो हे सिद्ध केले, आणि माणूस जागा असताना त्याचा एखादाच अवयव बधिर करता येतो ही गोष्ट वैद्यकाला प्रथमच गवसली. १९०१ मध्ये पॅरिसमध्ये सिकार आणि कातलँ या दोघांनी स्वतंत्रपणे कण्याच्या खालच्या टोकाशी असलेल्या नैसर्गिक छिद्रातून मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरील जागेत औषध सोडून पाहिले. कोकेनची जागा पुढे अधिक निर्धोक औषधांनी घेतली. त्यांपैकी लिग्नोकेन हे औषध स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी तयार केले आणि ते आजही सर्वत्र वापरले जाते. दुसरे औषध सूज उतरविणारे, म्हणजे कॉर्टिसोनच्या जातीचे. कॉर्टिसोनचा उपयोग सांध्यांच्या सुजेवर १९४८ मध्ये झाला, त्या कामासाठी हेंच, केंडल आणि राइखश्टाइन यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांतच इटली व फ्रान्समधील डॉक्टरांनी त्या जातीचे औषध मज्जातंतूंच्या मुळांशी सोडण्यास प्रारंभ केला. बधिर करणारे औषध काही मिनिटांत काम करते आणि काही तासांत ओसरते. सूज उतरविणारे औषध सावकाश काम करते, पण त्याचा परिणाम अधिक टिकतो. पुढच्या काही दिवसांतील पुष्कळसे चढउतार या एका भेदाने उलगडतात.

आता मुख्य प्रश्न असा, की रुग्णाला जागे का ठेवावयाचे? गुंगी देण्याची सोय नसते म्हणून, किंवा खर्च वाचतो म्हणून, असा पुष्कळांचा समज असतो. खरे कारण रुग्णाच्या सुरक्षिततेत आहे. डॉक्टरांना क्ष-किरणांच्या पडद्यावर हाडे दिसतात, सुई दिसते, सोडलेले द्रव्य कोठे पसरते तेही दिसते. मज्जातंतू मात्र त्या पडद्यावर दिसत नाही. सुई तंतूच्या फार जवळ गेली तर पायात विजेसारखी चमक निघते आणि ती फक्त रुग्णाला कळते. त्याने “पायात चमक गेली” एवढे म्हणताच सुई थांबते, किंचित मागे येते आणि दिशा बदलते. गाढ गुंगीतला रुग्ण ही सूचना देऊ शकत नाही. अमेरिकेतील अनेक वैद्यकीय संस्थांनी मिळून २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत हेच तत्त्व सांगितले आहे: गुंगी द्यावयाचीच झाली तर ती इतकी हलकी असावी, की रुग्णाला वेदना सांगता आली पाहिजे. दुसरे कारण निदानाचे आहे. काही इंजेक्शने वेदनेचे नेमके ठिकाण शोधण्यासाठीच दिलेली असतात. बधिर केल्यावर कळ थांबली का, हे रुग्णाने लगेच सांगावयाचे असते, आणि गुंगीने त्याचे उत्तर अंधुक होते. गुंगी नसली म्हणजे तिच्यामुळे श्वास मंदावण्याचा धोकाही टळतो आणि रुग्ण लवकर घरी जातो. अर्थात ज्याला अतिशय भय वाटते, किंवा जो काही मिनिटेही स्थिर पडून राहू शकत नाही, त्याने तसे आधीच सांगावे. त्याच्यासाठी सौम्य औषधाची योजना करता येते, आणि त्यात कमीपणा मुळीच नाही.

तयारीचा आरंभ ठरलेल्या दिवसाच्या आठवडाभर आधी होतो. रुग्ण कोणकोणती औषधे घेतो याची यादी डॉक्टरांच्या हाती पडली पाहिजे. रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांचा उल्लेख तीत अगत्याने असावा, कारण कण्याच्या अरुंद जागेत रक्तस्राव झाल्यास तंतूंवर दाब येतो. परंतु ही औषधे रुग्णाने स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नयेत. हृदयविकार झालेल्या किंवा हृदयात झडप बसविलेल्या माणसाने ती अचानक सोडली तर कमरेपेक्षा मोठे संकट ओढवते. कोणते औषध किती दिवस थांबवावे, हे इंजेक्शन देणाऱ्या आणि हृदयावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मिळून ठरवावयाचे असते. मधुमेही रुग्णाने आपला आजार आवर्जून सांगावा, कारण सूज उतरविणाऱ्या औषधाने रक्तातील साखर काही दिवस वाढते. पूर्वी एखाद्या बधिर करणाऱ्या औषधाने किंवा क्ष-किरण तपासणीच्या वेळी टोचलेल्या द्रव्याने अंगावर गांधी उठल्या असतील, श्वास लागला असेल, तर तेही लपवू नये. गर्भवती स्त्रीने, किंवा जिला तशी शंका आहे तिने, क्ष-किरणांमुळे हे सांगणे आवश्यक आहे. ताप असेल, लघवीची जळजळ असेल, पाठीवर गळू असेल, तर दिवस पुढे ढकलणेच शहाणपणाचे.

गुंगी नसल्यामुळे कडक उपवासाची गरज बहुधा नसते आणि हलका आहार घेता येतो. तरीही ज्या त्या रुग्णालयाची सूचना प्रमाण मानावी. रक्तदाबाच्या गोळ्या सांगितल्याप्रमाणे घ्याव्यात. कपडे सैल असावेत, मणक्यांची पूर्वी काढलेली चित्रे बरोबर न्यावीत, आणि घरातले कोणीतरी जाणते माणूस सोबत असावे. पाय काही तास जड राहण्याचा संभव असल्याने त्या दिवशी रुग्णाने वाहन चालवावयाचे नसते.

आणखी एक तयारी आहे आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. ती शब्दांची तयारी होय. रुग्णाचे बोलणे हेच जर या उपचारातील एक उपकरण असेल, तर ते नेमके असले पाहिजे. या बाबतीत मराठी भाषा संपन्न आहे. कळ वेगळी आणि ठणका वेगळा. चमक क्षणात निघून जाते, आग पसरते, मुंग्या चढतात, ओढ लागते, बधिरपणा येतो, आणि उसण भरली म्हणजे माणूस जागच्या जागी अडकतो. या प्रत्येक शब्दाने डॉक्टरांना निराळी माहिती मिळते. चमक व मुंग्या बहुधा तंतूकडे बोट दाखवितात. ठणका आणि जडपणा स्नायू व सांध्यांचा असू शकतो. परंतु चेन्नई, कलकत्ता किंवा गुवाहाटी येथे राहणाऱ्या मराठी माणसाच्या डॉक्टरांना हे शब्द कळतीलच असे नाही. आणि पालथे पडलेल्या, घाबरलेल्या माणसाच्या तोंडून परकी भाषा सुचत नाही, मातृभाषाच बाहेर पडते. म्हणून खोलीत जाण्यापूर्वीच तीन-चार शब्द ठरवून घ्यावेत: दाब वाटतो, दुखते, पायात गेले, आणि थांबा. दोन्ही भाषांतील प्रतिशब्द उभयतांना ठाऊक असले म्हणजे झाले. या दोन मिनिटांच्या बोलण्याने रुग्णाचा धीर बांधला जातो, कारण आपल्या एका शब्दाने सुई थांबते ही खात्री त्याला मिळते.

प्रत्यक्ष उपचारास साधारणतः पंधरा ते तीस मिनिटे लागतात, आणि त्यांतील बराच वेळ तयारीचा असतो. रुग्णाला पोटाखाली उशी देऊन पालथे झोपवितात, म्हणजे कमरेचा बाक सरळ होतो आणि मणक्यांमधील फट उघडते. रक्तदाब व नाडी पाहणारी यंत्रे लावली जातात. पाठीवर जंतुनाशक औषध फिरते. ते अतिशय गार लागते आणि त्या गारव्याने पुष्कळजण दचकतात. त्यानंतर निर्जंतुक कापड पसरतात, म्हणून हात मागे नेऊ नयेत. मग येते ती पहिली बारीक सुई, बधिर करणाऱ्या औषधाची. हे औषध आत जाताना काही क्षण चांगलेच चुरचुरते. त्वचेवरची ही चुरचुर बहुतेकांना सर्वांत तीक्ष्ण वाटते. ती मनात दहापर्यंत अंक मोजेपर्यंत ओसरू लागते.

पुढची सुई अधिक लांब असते, परंतु तिची वाट बधिर झालेली असल्याने टोचण्याऐवजी दाब जाणवतो. कोणीतरी अंगठ्याने खोल दाबीत आहे असे वाटते. मज्जारज्जूलाच सुई लागेल या शंकेने पुष्कळांना धडकी भरलेली असते. त्यांना एक गोष्ट सांगण्याजोगी आहे: प्रौढ माणसात मज्जारज्जू सामान्यतः कमरेच्या पहिल्या किंवा दुसऱ्या मणक्याच्या पातळीवरच संपतो, आणि गृध्रसीसाठी बहुतेक इंजेक्शने त्याच्या खालच्या भागात दिली जातात. योग्य जागी पोहोचल्यावर क्ष-किरणांत दिसणाऱ्या द्रव्याचे थोडे थेंब सोडून जागेची खात्री करतात. त्यानंतर औषध सावकाश आत जाते. या वेळी कमरेत भरल्यासारखे वाटते, आणि कधी कधी रुग्णाची ती नेहमीची, ओळखीची कळ काही क्षण पायात उमटते. याने घाबरू नये. औषध दुखऱ्या मुळापाशी पोहोचल्याची ती अनेकदा खूण असते. मात्र ती न हलता तोंडाने सांगावी. अंग आखडणे किंवा झटका देणे धोक्याचे असते. खोकला येणार असेल तर तेही आधी सांगावे, म्हणजे हात थांबतो.

या मिनिटांत मनाने काय करावे? १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी असा सिद्धांत मांडला, की शरीरातून येणारे वेदनेचे संदेश मज्जारज्जूत जणू एका फाटकातून जातात आणि ते फाटक किती उघडावे यावर मेंदूचाही अधिकार चालतो. त्या सिद्धांताच्या तपशिलात पुढे पुष्कळ बदल झाले. परंतु भय व ताण वेदना वाढवितात आणि लक्ष दुसरीकडे लागले की ती उणावते, हे त्यातील सार टिकून आहे. म्हणून श्वास नाकाने घ्यावा आणि घेतला त्यापेक्षा अधिक सावकाश सोडावा. नामस्मरणाची सवय असेल त्याने ते करावे. गाण्याची आवड असेल त्याने एखादे पद मनात आळवावे. जबडा आणि खांदे सैल सोडले म्हणजे पाठही सैल पडते. उशाशी उभ्या असलेल्या परिचारिकेचा हात धरावासा वाटला तर संकोच करू नये. डोळ्यांपुढे अंधारी येणे, घाम सुटणे, मळमळणे ही भोवळीची लक्षणे होत. ती जाणवताच सांगावीत. भोवळ बहुधा निरुपद्रवी असते आणि पडून राहिल्याने जाते.

इंजेक्शननंतर अर्धा ते एक तास देखरेखीखाली काढावा लागतो. पहिल्यांदा उभे राहताना कोणाचा तरी आधार घ्यावा, कारण पाय बधिर असल्यास तो कोठे पडला हे कळत नाही आणि माणूस धडपडतो. घरी गेल्यावर तो दिवस विश्रांतीचा मानावा, पण अंथरुणाला खिळून राहू नये. घरातल्या घरात फिरावे. टोचलेली जागा दुखल्यास फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे ठेवावा. थेट त्वचेवर ठेवू नये. नदी-तलावातले किंवा तरणतलावातले पोहणे एक-दोन दिवस वर्ज्य करावे.

यापुढचा भाग रुग्णाच्या धीराची खरी परीक्षा पाहतो. इंजेक्शननंतर काही तास कळ नाहीशी होते आणि घरात आनंद पसरतो. मग रात्री किंवा दुसऱ्या दिवशी ती परत येते, कधी पूर्वीपेक्षाही अधिक. सर्व व्यर्थ गेले असे वाटून माणूस हताश होतो. वस्तुतः येथे फक्त बधिर करणारे औषध ओसरलेले असते. सूज उतरविणाऱ्या औषधाचे काम दोन-तीन दिवसांत दिसू लागते आणि पूर्ण परिणाम कळण्यास एक ते दोन आठवडे लागू शकतात. मधला काळ हा दोन औषधांच्या मधला रिकामा काळ आहे, हे आधी माहीत असले की तो सहन करणे सोपे जाते. या दिवसांत एक लहान वही ठेवावी. रोज सकाळ-संध्याकाळ वेदनेला शून्य ते दहा यांपैकी एक अंक द्यावा आणि किती चालता आले, किती झोप लागली ते लिहावे. पुढच्या भेटीत ही वही आठवणीपेक्षा अधिक विश्वासार्ह ठरते. चेहरा लाल होणे, एक-दोन रात्री झोप न लागणे हे त्रास सूज उतरविणाऱ्या औषधाने होतात आणि आपोआप जातात. मधुमेही रुग्णाने मात्र साखर नेहमीपेक्षा अधिक वेळा तपासावी.

गंभीर उपद्रव विरळ असतात. तथापि त्यांची लक्षणे घरातील सर्वांना माहीत असावीत. ताप व थंडी, टोचलेल्या जागी वाढती लाली किंवा पू, वाढत जाणारी असह्य पाठदुखी, बसले असता वाढणारी आणि आडवे होताच कमी होणारी तीव्र डोकेदुखी, यांपैकी काही दिसल्यास डॉक्टरांना त्वरित कळवावे. बधिरपणाचे तास उलटून गेल्यावरही पायातील शक्ती कमी होत जाणे, बैठकीच्या जागेची संवेदना जाणे, लघवी अडणे किंवा मलमूत्रावरील ताबा सुटणे, ही लक्षणे दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठले पाहिजे. तेथे उशिराने झालेली हानी कायमची ठरू शकते.

शेवटी अपेक्षेविषयी. हे इंजेक्शन सरकलेली गादी जागेवर नेऊन बसवीत नाही. मुळाची सूज उतरवून काही आठवडे किंवा महिने उसंत मिळवून देते. त्या उसंतीत शरीर आपले काम करते, आणि रुग्णाने आपले करावयाचे असते: रोजचे चालणे, शिकविल्याप्रमाणे पाठीचे व पोटाचे व्यायाम, वजन उचलताना गुडघे वाकविण्याची सवय. वेदना थांबली म्हणून दुसऱ्याच दिवशी धान्याचे पोते उचलणारा माणूस मिळालेली उसंत वाया घालवितो. उलट भीतीने महिनाभर पडून राहणाराही तिचा लाभ घेत नाही. कित्येकांना गुण येत नाही, हेही खरे आहे. तसे झाल्यास पुन्हा पुन्हा तेच इंजेक्शन घेत राहणे योग्य नव्हे, कारण सूज उतरविणाऱ्या औषधालाही वर्षाकाठी मर्यादा असते. अशा वेळी दुखण्याचे मूळ अन्यत्र आहे काय, याचा शोध घ्यावा लागतो, आणि त्या शोधाला रुग्णाची वहीच उपयोगी पडते.

दुखणे निमूटपणे सोसणे हा आपल्याकडे मोठा गुण मानला गेला आहे. घरातील वडीलधारी माणसे, विशेषतः स्त्रिया, वर्षानुवर्षे कंबर धरून कामे करतात आणि विचारले तर काही नाही म्हणतात. जागेपणी घेतलेल्या या इंजेक्शनला ते मौन मुळीच मानवत नाही. येथे दुखले तर दुखले म्हणावयाचे असते, आणि कोठे, कसे, किती तेही सांगावयाचे असते. सुई डॉक्टरांच्या हाती असली, तरी ती कोठे थांबावी हे सांगण्याचा अधिकार टेबलावर पालथ्या पडलेल्या माणसाला आहे. तो अधिकार ओळखून जो आत जातो, त्याची भीती दारातच पुष्कळशी उतरलेली असते.